ग्रुपवर राजकारण नको, म्हणजे नेमके काय नको?

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. नगरपरिषदेच्या निवडणुकीचा निकाल लागून गेला, तरी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची खडाजंगी थांबलेली नाही. काल रात्री दोन सभासदांमध्ये जी शब्दाशब्दी झाली ती घरातल्या मुलांनीही वाचली, आणि आज सकाळी ती दोन्ही घरे जिन्यात एकमेकांकडे न पाहता गेली. म्हणून कार्यकारिणीच्या वतीने प्रस्ताव मांडतो की, यापुढे येथे कोणताही राजकीय मजकूर टाकू नये. पाणी, लिफ्ट, पार्किंग, देखभाल शुल्क आणि निधनवार्ता एवढ्यासाठीच ग्रुप वापरावा. उद्या कोणी तक्रार केली, तर अ‍ॅडमिन म्हणून पोलीस ठाण्याची पायरी मलाच चढावी लागेल, याचाही विचार व्हावा. हरकती उद्या संध्याकाळपर्यंत कळवाव्यात.

ब-३०१ : प्रस्तावाला पूर्ण पाठिंबा. दिवसभर दुकान सांभाळून घरी आल्यावर कोणता नेता कोणाला काय म्हणाला हे वाचण्याची माझी इच्छा नसते. शिवाय गाव लहान आहे. निवडून आलेला कोणाचा तरी मेहुणा असतो आणि पडलेला कोणाचा तरी वर्गमित्र असतो. आपल्याला मात्र एकाच जिन्याने वर-खाली करायचे आहे.

अ-२०४ : सचिवभाऊ, कालच्या भांडणाचा मलाही वीट आला, परंतु ते कशावरून पेटले हे जरा वर जाऊन पाहावे. दूरचित्रवाणीवरील चर्चेत एका पक्षाचा प्रवक्ता दिल्लीत काय बोलला, यावर मध्यरात्रीपर्यंत संदेश चालले होते. त्याच दिवशी सकाळी क विंगमधल्या वहिनींनी नळाला आलेल्या गढूळ पाण्याचे छायाचित्र टाकले होते, आणि त्याखाली हात जोडल्याच्या चिन्हांपलीकडे कोणाचे काही उत्तर नव्हते.

याचे कारण ब-३०१ यांनीच सांगून टाकले आहे. पंतप्रधानांवर किंवा विरोधी पक्षनेत्यांवर टीका केली, तर त्यांच्यापैकी कोणी उद्या सकाळी दूध आणताना आपल्याला भेटणार नसते. प्रभागातल्या तुंबलेल्या गटारीबद्दल लिहिले, तर त्याचा स्क्रीनशॉट चहा निवण्याच्या आत नगरसेवकाकडे पोहोचतो आणि पुढच्या लग्नात तो पंगतीला आपल्या शेजारीच बसलेला असतो. त्यामुळे लांबच्या माणसांवर आपण तावातावाने बोलतो आणि जवळच्या कामाबद्दल मूग गिळून बसतो. सरसकट बंदी घातली, तर लांबचे बोलणे दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर जाईल आणि जवळच्या कामाबद्दलचे हे मौन येथे नियम म्हणून कायम होईल.

पाण्याची तक्रार कोठे संपते आणि राजकारण कोठे सुरू होते, हे अ‍ॅडमिनने कसे ठरवायचे? ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून घटनेला नगरपालिकांच्या कामांची जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्या १८ विषयांत पाणीपुरवठा, घनकचरा, रस्ते व पूल, पथदिवे आणि स्मशानभूमीसुद्धा आहे. सचिवांनी ग्रुपसाठी राखून ठेवलेल्या यादीतली निधनवार्तादेखील शेवटी नगरपरिषदेच्याच दारात जाते.

अ-४०१ : ताईंचे म्हणणे मला पटते. अ‍ॅडमिनच्या जबाबदारीविषयी मात्र सचिवांनी निश्चिंत राहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना होती, असे दिसावे लागते. धार्मिक तेढ वाढवणारा मजकूर टाकणाऱ्याला ग्रुपबाहेर काढण्याचा अधिकार आपल्याला आहेच, आणि तो वापरण्यात कोणी भीडभाड ठेवू नये.

ब-३०१ : वकीलसाहेब, कायदा तुमच्या बाजूने असेल, पण माझ्या दुकानाच्या पाटीचा परवाना ज्या कार्यालयातून येतो, त्याच कार्यालयाविरुद्ध मी येथे लिहावे अशी अपेक्षा कोणी करू नये. तुम्ही सेवानिवृत्त आहात, ताई शिक्षिका आहेत. ज्याचे पोट गावावर अवलंबून आहे त्याला गप्प राहण्याची मुभा असावी.

अ-२०४ : तशी मुभा प्रत्येकाला आहेच, आणि ती कोणाची भित्री वृत्ती आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. माझा विरोध आहे तो आपल्या गप्प राहण्याचा नियम सर्वांवर लादण्याला.

ब-१०३ : मी एका पक्षाचे काम करतो हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहितो. येथे जे फॉरवर्ड येतात, त्यांतले बरेचसे मीच टाकतो आणि ते मी लिहिलेले नसतात. ते वरून तयार येतात व जेवढे ग्रुप माहीत असतील तेवढ्यांवर टाका, असा निरोप असतो. आपल्या प्रभागातल्या पाण्याविषयी मात्र वरून कधी काही येत नाही. प्रचारात मी याच इमारतीत दारोदार फिरलो. प्रत्येकाला तीन मते आहेत, एक नगराध्यक्षासाठी आणि दोन प्रभागातल्या दोन जागांसाठी, हे समजावून सांगताना माझा घसा बसला. पाणी किती दिवसांआड येणार, असे एकाही दारात कोणी विचारले नाही. सर्वांनी एकच विचारले, यंदा येणार कोण?

क-२०२ : गढूळ पाण्याचे छायाचित्र टाकणारी मीच. येथे कोणी उत्तर दिले नाही म्हणून मी सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिलेल्या नगरसेविकेच्या क्रमांकावर फोन केला, तर तो त्यांच्या यजमानांनी उचलला आणि “वहिनी, काम मला सांगा, ती स्वयंपाकघरात आहे” असे उत्तर मिळाले. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागेवर निवडून आलेल्या बाईंशी दोन वाक्ये बोलता येत नसतील, तर ही तक्रार मी पाणी या विषयाखाली लिहायची की राजकारण म्हणून मनात ठेवायची?

क-१०२ : वहिनी, अवश्य लिहावी. मी नगरपरिषदेत लिपिक म्हणून निवृत्त झालो, म्हणून थोडे सांगतो. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा असे २०१६ मध्ये ठरले, २०२० मध्ये तो अधिकार पुन्हा नगरसेवकांकडे गेला आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर थेट निवडणूक परत आली. यांपैकी एकदाही गावातल्या माणसाला कोणी विचारले नाही, आणि गावातल्या माणसानेही कोणाला जाब विचारला नाही. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे घटना सांगते. तरी आपल्यासारख्या अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात सर्व अडकले आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर कुठे त्या डिसेंबरात मतदान झाले. मधल्या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते, म्हणजे ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अमलात आणणारा एकच. प्रशासक वाईट होता असे मी म्हणत नाही. एक-दोन कामे त्याने सभेपेक्षा लवकर केली. पण सभेत निदान विरोधक ओरडायचे आणि ते इतिवृत्तात उतरायचे. आपल्या रस्त्याखालची जलवाहिनी त्याच काळात टाकली गेली आणि खोदलेला रस्ता कोणी, किती खोलीचा, कोणत्या अटीवर बुजवायचा होता, हे गावात कोणी विचारलेच नाही. गढूळ पाणी त्या जलवाहिनीच्या जोडातूनच येत असावे, असा माझा अंदाज आहे.

अ-४०१ : मग अंदाजावर कशाला थांबायचे? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क आहे आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश, आणि झालेल्या कामाचे मोजमाप पुस्तक यांच्या प्रती मागाव्यात, तसेच दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, किती आहे तेही विचारावे. तो कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा आहे आणि आपल्या घरपट्टीतून पुन्हा एक पैसा जाण्याचे कारण नाही.

सचिव : सर्वांचे मत वाचले. सुधारित प्रस्ताव असा : कोणत्याही पक्षाचा, नेत्याचा किंवा धर्माचा फॉरवर्ड केलेला मजकूर येथे चालणार नाही, मग तो कितीही चांगला वाटो. आपला प्रभाग, नगरपरिषद, पाणी, कचरा, रस्ते, घरपट्टी यांविषयी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली तक्रार, माहिती किंवा टीका चालेल. निवडून आलेल्या व्यक्तीच्या कामावर बोलता येईल, घरच्यांवर बोलता येणार नाही. हा नियम सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवू.

क-२०२ : घरच्यांवर बोलायचे नाही हे मान्य, पण फोन घरच्यांनीच उचलला तर काय करायचे, तेही नियमात लिहावे.

सचिव : वहिनी, त्यावर कार्यकारिणीत विचार करतो. भाडेकरूंचा प्रश्नही राहिला आहे. ते या ग्रुपवर नाहीत, पण त्यांच्यातले कित्येक जण आपल्याच प्रभागाच्या मतदार यादीत आहेत आणि गढूळ पाणी त्यांच्याही नळाला येते. त्यांना घ्यावे असे माझे मत आहे. माहिती अधिकाराचा मसुदा वकीलसाहेबांनी पाठवावा. सोसायटीच्या शिक्क्यावर तो अर्ज देता येईल का?

अ-४०१ : कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे, संस्थेला नव्हे. शिक्का चालणार नाही. कोणा एकाचे नाव, पत्ता आणि सही लागेल.

अ-२०४ : माझे नाव घालावे. काकांनी रस्ता कोणत्या महिन्यात खोदला गेला ते मला लिहून द्यावे, म्हणजे मागणीत कालावधी नेमका लिहिता येईल.

ब-३०१ : मी ग्रुप म्यूट करत आहे, कोणी राग मानू नये. उत्तर आल्यावर त्याची प्रत मात्र मला स्वतंत्र पाठवावी.