पेट्रोल भरलं की गाडी उचलत नाही, स्कॅनरवर पी०४५५. कॅनिस्टर बदलू का?

एमएच१९_पेट्रोलवाला
राम राम मंडळी. जळगावात आहे, पेट्रोल हॅचबॅक, बीएस६. चेक इंजिनचा लाईट लागतोय. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा) मोबाईलला जोडून बघितला तर पी०४५५ येतो, म्हणजे पेट्रोलच्या वाफेचा मोठा लीक. गॅरेजवाल्याने कोड उडवून दिला, थोडे दिवस बरं गेलं मग परत तेच. आता म्हणतो पूर्ण कॅनिस्टर (टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा) टाकावा लागेल, आकडा ऐकून मी गपचूप घरी आलो. गाडी पळायला मस्त आहे, फक्त टाकी फुल केली की पंपावरच सेल्फ मारून मारून उचलत नाही, अ‍ॅक्सिलेटर दाबून धरला की भकभक करत चालू होते. कोडचा आणि याचा संबंध आहे का दोन वेगळी दुखणी आहेत?

केळीबाग_रावेर
आधी टाकीचं झाकण बघ ना भो. टिकटिक वाजेपर्यंत फिरवतो का? पंपावरचा पोरगा अर्धवटच लावून देतो बऱ्याचदा. रबराची रिंग उन्हाने तडकली असेल तर झाकण नवीन टाक, महाग नसतं.

स्पॅनर_धुळे
झाकण बघच, पण नुसत्या झाकणाने स्टार्टिंगचा त्रास होत नाही. दुखणं एकच असावं आणि माझा संशय पर्ज व्हॉल्व्हवर आहे. टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात जमा होते, इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती इंजिनात ओढून जाळतो. गाडी बंद असताना हा व्हॉल्व्ह मिटलेलाच पाहिजे. तो उघडा अडकला की पेट्रोल भरताना दाबली गेलेली सगळी वाफ सेल्फ मारल्याबरोबर मॅनिफोल्डमधे (इंजिनात हवा जायच्या वाटेत) घुसते, मिक्श्चर रिच होतं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, गाडी उचलत नाही. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर हवा वाढते म्हणून चालू होते, तुझं लक्षण तंतोतंत तेच आहे. आणि व्हॉल्व्ह पक्का मिटत नसेल तर गाडी स्वतःच लीकची जी तपासणी करते त्यात दाब टिकत नाही, ईसीयू ते लीक म्हणून नोंदवतो. कोड फक्त दाब कुठेतरी जातोय एवढं सांगतो, कोणता पार्ट बदल ते नाही सांगत.

सकाळी इंजिन थंड असताना चालू कर, पर्ज व्हॉल्व्हला कॅनिस्टरकडून येणारा पाईप काढ आणि व्हॉल्व्हच्या त्या नळीवर बोट ठेव. थंड इंजिनला ईसीयू पर्ज करत नाही, म्हणजे बोट ओढलं जायला नको. ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह गेला. नाही ओढलं तर मग पाईप बघत मागे टाकीपर्यंत जा, शेताकडे गाडी लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेलं असतं. तिथेही नाही सापडलं तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाईपात धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं, पण ती अगदी कमी दाबाची असते, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा लावायची नाही, जे चांगलं आहे तेही फुटेल.

तापीकाठ
वरच्या भाऊंचं बरोबर आहे, एक भर टाकतो. लाईट गेला म्हणजे काम झालं असं समजू नको. लीकची तपासणी गाडी वाट्टेल तेव्हा करत नाही, बहुतेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे लागते, इंजिन थंड होऊन सुरू झालेलं लागतं आणि बाहेरचं तापमान ३५ डिग्रीच्या आसपास गेलं की तपासणी होतच नाही. आता आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला ४५ असतं, ३५ तर सकाळी नाष्ट्याच्या वेळेला होतं. म्हणून उन्हाळ्यात कोड उडवला की तो आपोआप गायब राहतो आणि पाऊस पडला की परत उगवतो. गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा.

एमएच१९_पेट्रोलवाला
सकाळी बोट ठेवून बघितलं, चांगलं चिकटलं राव, इंजिन एकदम गार होतं. झाकणाची रिंग ठीक आहे. व्हॉल्व्ह ऑर्डर केला, कॅनिस्टरच्या मानाने काहीच नाही. पण कॅनिस्टर खराब झालाय का हे कसं कळणार?

स्पॅनर_धुळे
पंपावर नोझल आपोआप कट झाल्यावर परत गोल आकडा करायला दाबून भरतोस का? तसं असेल तर कच्चं पेट्रोल कॅनिस्टरमधे जाऊन कोळसा भिजतो. गाडी उभी असताना कॅनिस्टरजवळ पेट्रोलचा भपकारा येत असेल किंवा काढल्यावर हलवून डचमळ वाटली तरच तो बदल. आधी व्हॉल्व्ह बसव, कोड उडव, अर्धी टाकी ठेवून चालव. पहिल्या कटला नोझल बाहेर.