छोटं लग्न, २० माणसं: बजेट कसं बसवायचं? सल्ला हवा

निळीशाई:

नमस्कार मंडळी. सात महिन्यांनी आम्ही लग्न करतोय आणि ते लहानच करायचं हे दोघांचंही पक्कं आहे. सुरुवातीला तर दोघांनीच जायचं, सह्या करायच्या आणि परत आल्यावर सगळ्यांना कळवायचं असं चाललं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. हातातलं काम बाजूला ठेवून एवढंच म्हणाली, "म्हणजे मीपण नको?" त्याच रात्री आम्ही यादी करायला घेतली, ती २० नावांवर थांबली.

आता अडचण पैशांची. माझ्या चुलतभावाचं लग्न ३०० माणसांत झालं होतं, त्याने सगळा हिशोब लिहून ठेवलाय. आमची माणसं त्याच्या पंधराव्या हिश्श्याइतकी, म्हणून आम्ही त्याच्या खर्चाचा दहावा हिस्सा धरला. वाटलं, हात सैल सोडूनच धरलंय. पण फक्त जागा आणि फोटो यांची कोटेशनं आली आणि रक्कम जवळपास संपलीच. गणित कुठे चुकतंय? कर्ज काढायचं नाही, घरच्यांकडूनही घ्यायचं नाही. कुठे खर्च करावा, कुठे हात आखडावा, ज्यांनी असं लग्न केलंय त्यांनी कृपया सांगा.

काटकोन:

निळीशाई, अभिनंदन. चूक भागाकारात आहे आणि ती जवळजवळ सगळेच करतात, आम्हीही केली होती.

चुलतभावाचा एकूण खर्च १०० धरू. त्यातले समजा ५५ माणशी होते: जेवण, बसायची व्यवस्था, आमंत्रणं, राहण्याची सोय. उरलेले ४५ माणसांवर अवलंबून नव्हते: फोटोग्राफर, कपडे, मेकअप, विधी किंवा नोंदणी करणाऱ्याची फी, जागेचं भाडं, सजावट. माणसं पंधरा पटींनी घटली की ५५ चे साधारण पावणेचार होतात. ४५ मात्र ४५ च राहतात. म्हणजे लग्न त्याच थाटाचं ठेवलंत तर ३०० ऐवजी २० माणसं बोलावूनही खर्च जेमतेम निम्मा होतो. फोटोग्राफर माणसं मोजून पैसे घेत नाही, तो तास मोजतो.

म्हणून भावाची वही आता बंद करा. कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिला माणशी खर्चाचा, दुसरा ठोक खर्चाचा. तिसरा पायरीच्या खर्चाचा, आणि लहान लग्नात खरा घात हाच करतो. एका गाडीत १७ माणसं बसतात, तुमची १९ झाली की दुसरी गाडी आली. हॉलवाला किमान ६० ताटांचे पैसे घेणारच म्हणतो, मग तुमची २० असोत की ५९. यादीत एक नाव वाढलं तर एका ताटाचाच खर्च वाढतो असं वाटतं, पण ते नाव कुठल्या पायरीवर येतंय ते बघावं लागतं.

किमान ताटांची अट असलेली जागा २० माणसांसाठी घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घासाघीस करण्यात वेळही घालवू नका. जी जागा मुळातच लहान आहे ती शोधा: एखाद्या खाणावळीची वेगळी खोली, कुणाचं अंगण, छोटं अतिथिगृह. आणि जागा ठरवताना वार सोडून द्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दीचा हंगाम सोडून, तीच जागा आणि तेच लोक पुष्कळ कमी पैशांत मिळतात. ३०० लोकांना मंगळवारी बोलावता येत नाही, २० जणांना येतं. लहान लग्नाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि लोक तो वापरतच नाहीत.

रानवाट:

काटकोन यांच्याशी सहमत. मी कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण आमचा सगळ्यात अनपेक्षित खर्च तिथेच निघाला.

लांब कुठे जाऊन लग्न करायचं असेल तर आधी तिथला नियम वाचा, मग तिकिटं काढा. भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला लागतो. नोटीस दिल्यावर पुन्हा ३० दिवस थांबावं लागतं, सहीला ३ साक्षीदार लागतात, आणि ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद होते. इंग्लंडमध्ये २८ दिवसांची नोटीस आहे. स्कॉटलंडमध्ये कागद लग्नाच्या निदान २९ दिवस आधी पोचावे लागतात. न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळाल्यावर २४ तास थांबावं लागतं, तर नेवाडात परवाना मिळाला की त्याच दिवशी लग्न लागतं. हे सगळं बजेटमध्ये कसं येतं? मुदत लांब असेल तर एक खेप नोटिशीसाठी आणि एक लग्नासाठी, नाहीतर मधले दिवस तिथेच मुक्काम. हे आजचंच नाही. लग्नावर कडक अटी घालणाऱ्या इंग्लंडच्या १७५३ च्या कायद्यातून पळणारी जोडपी सीमेपलीकडे स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीन गावी जाऊन लग्न लावत. मग १८५६ मध्ये कायदा आला की दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलेलं असलं पाहिजे. तीन आठवडे राहायचं म्हणजे तीन आठवड्यांचं भाडं, हा हिशोब तेव्हाही करावा लागत असणार.

आम्ही शेवटी असं केलं: कायदेशीर नोंदणी राहत्या ठिकाणी, दोघं आणि साक्षीदार एवढेच. नंतर आवडत्या जागी घरच्यांसमोर समारंभ. त्यामुळे त्या लांबच्या जागेचा एकही सरकारी नियम आमच्या वाटेत आला नाही.

प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती त्याच वेळी जास्तीच्या घ्या. पासपोर्ट, बँक, विमा, व्हिसा, सगळीकडे मागतात. परदेशात दाखवायचं असेल तर त्या करारातल्या देशांसाठी १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) करावं लागतं, कधी भाषांतरही. आणि नावांची स्पेलिंगं आत्ताच तपासा. माझ्या नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर एका अक्षराचा फरक होता. त्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र, दोन हेलपाटे आणि दोघांची एकेक दिवसाची रजा गेली.

पाणपोई:

उघड्यावर लग्न करायचा विचार असेल तर माझं ऐका. आम्ही १४ माणसांत, एका टेकडीवर केलं. जागा फुकट होती, निदान आम्हाला तसं वाटलं.

आधी कळलं की सार्वजनिक जागेवर समारंभ करायला परवानगी लागते आणि तिची फी असते. मग खुर्च्या. आम्ही म्हटलं, वीस मिनिटांचं तर काम आहे, उभ्याने होईल. लग्नाच्या दिवशी सगळे वर आले, शेवटी माझी आजी आली, मामाच्या हाताला धरून. ७८ वर्षांची. ती काही बोलली नाही. पण मी समोर उभी राहून वचनं म्हणत होते आणि माझं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे होतं. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, मग पुन्हा पहिल्यावर. नवऱ्याचे शब्द मी नंतर रेकॉर्डिंगवर नीट ऐकले. चार खुर्च्या भाड्याने आणून वर पोचवायला असा कितीसा खर्च आला असता! आजही ते टोचतं.

तर फुकट जागेच्या पुढे हे लिहा: परवानगी, खुर्च्या, सावली किंवा छत, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, वीज, आणि पाऊस आला तर जायची दुसरी जागा. दुसरी जागा म्हणजे मनातली नव्हे, पैसे भरून धरून ठेवलेली. हे सगळं मिळवलं की बऱ्याचदा बंदिस्त छोटी खोली स्वस्त पडते.

भरतीओहोटी:

मला थोडं वेगळं वाटतं. २० चा आकडा हा मधला आकडा आहे, धड दोघांचं लग्न नाही, धड समारंभ नाही. २० ठरवलं की "मग आम्ही का नाही?" असं विचारणारे आणखी २० तयार होतात. आम्ही फक्त दोन्हीकडचे आईवडील आणि भावंडं घेतली, ९ जण. रेष रक्ताच्या नात्यावर ओढली, म्हणून कुणाला वाईट वाटलं तरी कारण समजलं.

आणि नंतरच्या कार्यक्रमाचे पैसे आजच धरा. लग्न गुपचूप झालं की लोक म्हणतात, "मग पार्टी कधी?" आम्ही तीन महिन्यांनी ६० जणांना बोलावलं आणि त्याचा खर्च लग्नाच्या दुप्पट झाला. तो करायचाच नसेल तर दोघांनी आत्ताच ठरवा आणि दोन्ही घरी एकाच शब्दांत सांगा. एकाने "बघू" म्हटलं आणि दुसऱ्याने "नाही" म्हटलं की "बघू"चाच खर्च होतो.

निळीशाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणपोईताई, तुमचं वाचून मी आजोबांसाठी खुर्ची हा शब्द सगळ्यात आधी लिहिला, जागा अजून ठरलेली नसतानाच.

भरतीओहोटी, तुमचं पटतंय, पण आमच्या २० मध्ये ६ मित्र आहेत आणि त्यांच्याशिवाय आम्ही दोघं भेटलोच नसतो. ती नावं काढवत नाहीत. नंतरची पार्टी मात्र नाही. काल दोन्ही घरी फोन करून एकाच वाक्यात सांगितलं.

एक विचारायचंय. फोटोग्राफर पूर्ण दिवसाच्या पॅकेजच्या खाली यायला तयार नाही. फोटो सोडून द्यावेत का?

काटकोन:

सोडू नका. लहान लग्नात बाकी सगळं दोन दिवसांत आवरलं जातं, फोटो राहतात. पण तुम्हाला पूर्ण दिवस नकोय, दोन तास हवेत. गर्दीच्या तारखेला कोणी दोन तास देणार नाही, कारण त्या दिवशी त्याला पूर्ण दिवसाचं काम मिळतं. मधल्या वारी सकाळची वेळ विचारा, देणारे भेटतील. विचारताना चार गोष्टी लेखी घ्या: तास किती, निवडून दुरुस्त केलेले फोटो किती, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, आणि तो आजारी पडला तर कोण येणार. अल्बम आत्ता घेऊ नका. फाइल्स तुमच्याकडे असल्या की अल्बम वर्षभरानेही करता येतो.

दुसरं म्हणजे पैसे केव्हा द्यायचे याचं कॅलेंडर करा. एकूण रक्कम बसते पण महिना बसत नाही, असं होतं. आगाऊ रकमा सुरुवातीला जातात आणि उरलेली सगळी बिलं शेवटच्या पंधरवड्यात एकदम येतात. दोघांच्या पगारातून दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि लग्नाचा प्रत्येक खर्च त्याच खात्यातून करा. एकाने आपल्या कार्डावर, दुसऱ्याने रोखीने, असं सुरू झालं की दोन महिन्यांत कुणालाच आकडा माहीत नसतो. आणि प्रत्येक कोटेशनमध्ये कर आणि सेवाशुल्क धरलंय का ते विचारा. नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

रानवाट:

आगाऊ रक्कम देण्याआधी तारीख पुढे गेली तर काय, हेही विचारा. "परत मिळणार नाही" आणि "दुसऱ्या तारखेला वळती होईल" यात फार फरक आहे. आमच्या एका सजावटवाल्याने तोंडी वळती करू म्हणून सांगितलं, नंतर हात वर केले. चूक आमचीच, लिहून घेतलं नव्हतं.

निळीशाई:

कळवायला उशीर झाला, कारण खरंच बसून सगळं नव्याने लिहिलं. आधी धरलेली रक्कम आम्ही दुप्पट केली. त्यासाठी लग्नानंतरचा प्रवास वर्षभर पुढे ढकलला. आता एकूण १०० धरले तर वाटणी अशी: जागा आणि जेवण मिळून ३८, फोटो १८, दोघांचे कपडे आणि तयारी १४, बाहेरगावाहून येणाऱ्या ५ जणांचा मुक्काम १२, कागदपत्रं आणि नोंदणी ३, फुलं आणि बाकी किरकोळ ५. उरलेले १० हात न लावता ठेवलेत.

किमान ताटांची अट असलेली जागा सोडली. दुसरी मिळाली, २४ खुर्च्यांची खोली, बुधवार सकाळ, आणि फोटोग्राफर बुधवारी अडीच तास यायला तयार झाला. तारीख वळती होईल हे त्याने मेलवर लिहून दिलंय. कपड्यांत मला अजून कपात करता येईल असं वाटतं, पुन्हा वापरता येतील असेच घ्यायचे ठरवलंय.

नोंदणी आधी, राहत्या ठिकाणीच करतोय. काल दोघांचे दाखले शेजारीशेजारी ठेवून एकेक अक्षर तपासलं. माझ्या वडिलांचं मधलं नाव एका कागदावर पूर्ण आहे, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. रानवाटताई, एवढ्यासाठीही प्रतिज्ञापत्र लागेल का?

रानवाट:

ते अधिकाऱ्यावर असतं. दोन्ही कागद घेऊन आत्ताच कार्यालयात जाऊन विचारा, नोटीस देण्याच्या दिवसाची वाट बघू नका. सात महिने हातात आहेत तोवर ती दुरुस्ती एका फेरीत होते. आणि जाताना साक्षीदारांची ओळखपत्रंही घेऊन जा, आमच्या एकाचं मुदत संपलेलं निघालं होतं.