डुकराच्या हृदयातून आलेला विषाणू: प्रत्यारोपणं थांबवावीत का?

सांजवेळ

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला, मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डेव्हिड बेनेट या ५७ वर्षांच्या गृहस्थांना डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. ८ मार्चला बेनेट गेले. त्यांच्यात डुकरांचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला होता. हा हर्पिस कुळातला विषाणू, आणि तो त्या हृदयाबरोबरच आला होता. आधी डुकराच्या नाकातला स्वॅब तपासला होता, त्यात काहीच निघालं नव्हतं.

मला खटकतं ते हेच. हर्पिसची जात लपून बसणारी आहे, हे आपण आपल्याच अंगावर बघतो. लहानपणी कांजिण्या येतात, फोड सुकतात, पण विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत तसाच पडून राहतो आणि साठी उलटल्यावर कमरेभोवती नागीण होऊन उठतो. मधल्या पन्नास वर्षांत नाकात काडी घालून तो सापडला असता का? मग डुकराच्या नाकात नाही म्हणजे हृदयात नाही, असं कशावरून धरलं?

माझं मत सरळ आहे. लपलेला विषाणू शोधण्याच्या चाचण्या सगळीकडे एकसारख्या आणि सक्तीच्या होईपर्यंत ही प्रत्यारोपणं थांबवा. १९९७ साली डुकरांच्या जनुकांतच वसलेले रेट्रोव्हायरस माणसाच्या पेशींना लागू शकतात असं काचपात्रात दिसलं, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असे प्रयोग थांबवलेच होते. आत्ताही थांबवता येतील.

गवतफूल

थांबवता येतील, पण थांबायचं कोणी? माझा भाऊ आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. चार तास दोन सुया हातात. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून भरून ठेवतो आणि संध्याकाळी तहान लागली की बाटलीकडे बघून ओठ ओले करतो. एकट्या अमेरिकेत अवयवांच्या प्रतीक्षायादीत एक लाखाहून जास्त माणसं आहेत.

बेनेट यांना माणसाचं हृदय मिळणार नव्हतं, कृत्रिम पंपही बसवता येत नव्हता. अंथरुणाला खिळून यंत्राच्या आधारावर होते. आणि माणसाकडून मिळालेल्या अवयवांतून सायटोमेगॅलोव्हायरस येत नाही का? नेहमी येतो. डॉक्टर दात्याचं आणि रुग्णाचं रक्त बघतात, औषध सुरू करतात, रुग्ण जगतात. म्हणून कुणी ती प्रत्यारोपणं बंद केली नाहीत.

काचपट्टी

गवतफूल, तुमच्या भावाबद्दल वाचून पोटात तुटलं. पण माणसाच्या सायटोमेगॅलोव्हायरसची तुलना इथे बसत नाही. नाव सारखं असलं तरी डुकरांचा हा विषाणू माणसाच्या हर्पिस-६ आणि ७ यांच्या जास्त जवळचा आहे. माणसाच्या सायटोमेगॅलोव्हायरसवर चालणारं गॅन्सिक्लोव्हिर हे औषध याच्यावर नीट चालत नाही.

मी रोज पीसीआर, म्हणजे नमुन्यातला विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी लावते, म्हणून सांजवेळ यांच्या मुद्द्यात भर घालते. पीसीआर फक्त समोरच्या नळीत काय आहे ते सांगतं. नळीत जे आलंच नाही, त्याबद्दल ते गप्प. प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) चाचणी मात्र या प्राण्याची त्या विषाणूशी कधी गाठ पडली होती का, ते सांगते. जन्मभर लपणाऱ्या विषाणूसाठी दुसरा प्रश्न जास्त कामाचा. बर्लिनचे विषाणूतज्ज्ञ योआखिम डेनर यांचा याच गोष्टीवर भर आहे. त्यांनी म्युनिकच्या गटाबरोबर केलेलं काम २०२० साली आलं, म्हणजे बेनेट यांच्या शस्त्रक्रियेच्या आधी. बबून माकडांना बसवलेली हा विषाणू नसलेली डुकरांची हृदयं १९५ दिवसांपर्यंत चालली, विषाणू असलेली महिन्याभराच्या आतच बंद पडली. धोका छापून आलेला होता. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो.

तरीही मी बंदीच्या बाजूने नाही. हा विषाणू कळपातून काढता येतो. पिल्लांना तो मुख्यतः जन्मानंतर आईकडून लागतो. जन्मल्याबरोबर पिल्लं वेगळी केली, स्वच्छ जागी वाढवली आणि पुन्हा पुन्हा तपासली, तर विषाणूमुक्त कळप तयार होतो. काम किचकट आहे, पण अशक्य नाही.

सांजवेळ

किचकट कामात घाई झाली की काय होतं, ते विसाव्या दिवशी दिसलं. बेनेट यांच्या रक्तात या विषाणूच्या डीएनएचा पुसटसा माग त्या दिवशीच आला होता. इतका पुसट, की चाचणीचीच चूक असेल असं डॉक्टरांना वाटलं. चाळीस दिवस उलटल्यावर ते एकाएकी खालावले.

आणि संमती फक्त रुग्णाची का? १९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह डुकरांतून माणसांत आला, शंभरावर माणसं गेली. त्यांना कुणी विचारलं होतं?

वळचण

निपाहचं उदाहरण इथे ओढून आणलंत. तो डुकरांच्या श्वासातून आणि स्रावांतून पसरत होता, आजारी कळपांशी जवळून संबंध आलेल्या लोकांना लागला. बेनेट यांच्या बाबतीत हा विषाणू त्यांच्या स्वतःच्या पेशींत शिरल्याचा पुरावा मिळालेला नाही. तो डुकराच्या हृदयातच वाढला असावा. नुकसान तिथूनही होतं, कारण रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि गुठळ्या होतात. पण हा धोका अवयवाला आहे, साऱ्या गावाला नाही. शिवाय त्यांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मध्यंतरी कमी करावी लागली होती, बाहेरून प्रतिपिंडंही दिली होती. सगळा दोष विषाणूवर टाकता येत नाही.

तुम्ही म्हणता त्या रेट्रोव्हायरसचंही तसंच. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनला बसवलेल्या मूत्रपिंडाच्या डुकरात त्यांच्या ५९ प्रती जनुकीय कात्रीने निकामी केलेल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये तिथेच दुसऱ्या रुग्णाला बसवलेलं मूत्रपिंड २७१ दिवस चाललं.

काचपट्टी

वळचण, एक राहिलं. डुकरांत लिम्फोट्रॉपिक, म्हणजे लसिकापेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) राहणारे, हर्पिसचे तीन विषाणू आहेत, माणसांतल्या एप्स्टाइन-बार विषाणूच्या कुळातले. प्रतिकारशक्ती दाबून अस्थिमज्जा दिलेल्या छोट्या जातीच्या डुकरांत त्यांतल्या पहिल्याने लसिकापेशींची बेसुमार वाढ घडवली होती. पिल्लं लवकर वेगळी करूनही हे विषाणू नसल्याची खात्री देता येत नाही. मी बंदी मागत नाही, पण प्रत्येक डुकराच्या या चाचण्यांचे निकाल उघड असावेत, हे मागते.

गवतफूल

उघड निकाल मलाही हवेत. काल भावाला हा धागा वाचून दाखवला. अशा रुग्णाचं रक्त आयुष्यभर तपासत राहावं लागतं, घरच्यांवरही लक्ष ठेवतात, हेही सांगितलं. त्याने विचारलं, "तुझंही रक्त घेतील?" मी म्हटलं, घेऊ देत. मग बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि शेवटी म्हणाला, "डुकराची प्रतिपिंडांची चाचणी केली होती का, एवढं मात्र मी आधी विचारीन."