फुल सस्पेन्शन सायकल: मागच्या त्रिकोणात करकर आणि वेल्डच्या कडेला रेघ

टेकडीवरचा (प्रश्न)
नमस्कार. माझ्याकडे 140 मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे चाक धक्क्याला तेवढे वरखाली होते), 6061-टी6 अॅल्युमिनियमची सायकल आहे. तीन वर्षांपूर्वी ती मी वापरलेली विकत घेतली आणि तेव्हापासून वेताळ टेकडीवर दर आठवड्याला चालवतो. यंदाचा पावसाळा संपल्यापासून चढावर जोर लावला की खालून करकर ऐकू येते आणि मागचे चाक आडवे ढकलले तर किंचित हलते. काल सायकल धुताना उजव्या चेनस्टेवर (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी), मुख्य पिव्हटजवळच्या (मागचा त्रिकोण जिथे फिरतो त्या सांध्याजवळच्या) वेल्डच्या कडेला, सुमारे 15 मिमी लांबीची रेघ दिसली. हा केवळ रंगाचा तडा आहे की धातूचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे? जवळच्या एका वर्कशॉपमध्ये तासाभरात वेल्डिंग करून देतो म्हणतात. ते करून घ्यावे का?

पानाबहाद्दर
करकर आणि रेघ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असे धरून तपासणी करा, नाहीतर एकीचा दोष दुसरीवर जाईल. प्रथम मागच्या चाकाचा अॅक्सल घट्ट आहे आणि हबमध्ये प्ले (सैलपणा) नाही याची खात्री करा. त्यानंतर एका हाताने टायर आडवा हलवत, दुसऱ्या हाताचे बोट प्रत्येक पिव्हटच्या सांध्यावर असे टेकवा की ते दोन्ही भागांना एकाच वेळी स्पर्श करेल. ज्या सांध्यात प्ले असेल तिथे तो डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला जाणवतो. सीट धरून सायकल हलकेच उचलताना ‘टक्’ असे जाणवले तर बहुधा शॉकच्या (धक्के शोषणाऱ्या भागाच्या) टोकाचे बुशिंग (आतली बाही) झिजलेले असते.

एवढे झाल्यावर चाक आणि शॉक काढून मागचा त्रिकोण (मागचे चाक धरणारा फ्रेमचा हलणारा भाग) हाताने वरखाली फिरवा. तो सहज न फिरता दाणेदार लागला, तर बेअरिंग गेले आहे. पिव्हटचे बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाही, काही अंशांतच पुढेमागे होते. त्यामुळे गोळ्या त्याच त्या जागी दाबल्या जाऊन खळगे पडतात, आणि चिखलाचे पाणी आत शिरले की हे फार लवकर होते. (प्रेशर वॉशरचा फवारा थेट पिव्हटवर मारणारे सायकलस्वार स्वतःच हे काम वाढवून घेतात.) बेअरिंगचा क्रमांक त्याच्या सीलवर असतो, उदाहरणार्थ 6902 म्हणजे आतून 15, बाहेरून 28 आणि जाडीला 7 मिमी. नवे बेअरिंग हातोडीने ठोकू नका. थ्रेडेड रॉड, नट आणि वॉशर वापरून फक्त बाहेरच्या कड्यावर दाब देत बसवा. बोल्टला निळे लॉकटाईट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि फ्रेमवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकाच टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या.

भट्टीकाम
मी फॅब्रिकेशनमध्ये काम करतो, म्हणून रेघेविषयी लिहितो. तिथला रंग रसायनाने काढा. पॉलिश पेपरने जोरात घासू नका, कारण मऊ अॅल्युमिनियम पसरून तड्याचे तोंडच बुजवते. मग डाय पेनेट्रंटचा (तड्यात शिरणाऱ्या रंगद्रवाचा) लाल फवारा मारून दहा मिनिटे थांबा, क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने पुसा (क्लीनर थेट फवारू नका) आणि पांढरा डेव्हलपर मारा. धातूला तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेषा उमटते. निकाल लागेपर्यंत सायकल चालवू नका.

वेल्डिंगबाबत माझे मत स्पष्ट आहे: नको. 6061 ची ताकद टी6 या उष्णता-प्रक्रियेतून येते. वेल्डच्या आचेने शेजारच्या पट्ट्यातील ती प्रक्रिया पुसली जाते आणि तिथली यील्ड ताकद (कायमचे वाकण्याआधी धातू सोसतो तो ताण) निम्म्याच्या आसपास उतरते. ती परत आणायची तर भाग सुमारे 530 अंश सेल्सियसला तापवून पाण्यात विझवावा लागतो आणि पुन्हा काही तास सुमारे 175 अंशांवर ठेवावा लागतो; त्यात पिव्हटची सरळ रेषा बिघडण्याचा धोका असतोच. तासाभरात वेल्डिंग करून देणारा यातले काहीही करणार नाही.

जुनी_स्टील
तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले तर तो पुढे सरकत नाही, असे आम्ही पत्र्याच्या कामात करत आलो आहोत. इथेही चालेल की?

भट्टीकाम
पत्र्यात तेवढे पुरते. चेनस्टेवर प्रत्येक पेडलला ताण उलटसुलट होतो आणि भोकाच्या काठावर नवा तडा सुरू व्हायला वेळ लागत नाही. आपली फ्रेम स्टीलची असती तर दुरुस्तीचा विचार मी नक्की केला असता.

टेकडीवरचा
सर्वांचे आभार. लाल रेषा उमटली, आणि डोळ्यांना 15 मिमी दिसणारी रेघ प्रत्यक्षात 22 मिमी निघाली. उजव्या बाजूचे 6902 बेअरिंगही दाणेदार होते, म्हणजे करकर त्याचीच असावी. मी दुसरा मालक असल्यामुळे वॉरंटी लागू नाही, पण मागचा त्रिकोण सुटा मिळतो असे विक्रेत्याने कळवले. मॉडेलचे वर्ष आणि 148 मिमी अॅक्सलची रुंदी जुळवून तो मागवला आहे. जुना त्रिकोण भंगारात देण्याआधी हॅकसॉने मधोमध कापला, म्हणजे कोणी तो वेल्ड करून पुन्हा विकणार नाही.