नवा माठ घेतला, पण पाणी गार होईना

वहिनी (टिळकवाडी): अक्का, परवा एक माठ घेतला. नळ लावलेला, वर वारली चित्रं काढलेली. पाणी काही केल्या गार होत नाही. फ्रिजच्या पाण्यानं लेकराचा घसा धरतो म्हणून मुद्दाम आणला होता.

अक्का (खानापूर): फोटो टाक बघू.

अक्का (खानापूर): अगं, हा सगळा ऑइलपेंटनं रंगवलाय की! ह्याला घाम कुठनं सुटणार? माठ बाहेरून ओलसर लागला पाहिजे, तरच आतलं पाणी गार.

दादा (पुणे): बरोबर बोलली अक्का. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यातनं पाणी बाहेर येतं आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. त्यातली बरीचशी आतल्या पाण्यातनंच ओढली जाते. रंगानं छिद्रं बुजली की खेळ खलास.

वहिनी: मग मागच्या मेमध्ये गावाकडच्या साध्या माठातलं पाणीसुद्धा कोमटच लागत होतं, ते का?

दादा (पुणे): वळीव पडून गेला असणार. हवा दमट झाली की वाफ कमी होते. अथणीकडं हवा कोरडी, तिथं तोच माठ जास्त गार करील.

तात्या: माठाचं सोडा, आपल्या पडवीतला रांजण आठवतोय का कुणाला? निम्मा जमिनीत पुरलेला. आई पहाटे विहिरीवर जायची, रहाटावर पोहरा सोडून पाणी शेंदायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर घागर. खेपांवर खेपा घालायची तेव्हा कुठं तो भरायचा. वर लाकडी झाकण आणि पाणी काढायला करवंटीची डवली. डवली जमिनीवर ठेवली की पाठीत धपाटा बसायचा. रांजणाच्या कडेची माती कायम ओली, तिथं आईनं अळू लावला होता. भर उन्हाळ्यात गावभर हिरवं काही दिसायचं नाही, पण आमच्या घरी अळूची भाजी असायची. वाटसरू आला की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग कोण-कुठला ते विचारायचं.

आत्या (शहापूर): तात्या, डोळ्यात पाणी आणलंस. पण त्या खेपांनी आईची मान कायमची धरली होती, तेही लिही. नळ आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता.

तात्या: होय. ते खरं आहे. तिचे कष्ट परत यावेत असं मला कधीच वाटणार नाही. रांजण मात्र हवा.

पिंटू: तो रांजण परसातच पडलाय ना? आपल्या अपार्टमेंटच्या गेटजवळ ठेवून कमळं लावूया का? भारी दिसेल.

तात्या: कमळं नकोत रे. चिरला नसेल तर पाणी भरून ठेवू. वॉचमन आहे, भाजीवाल्या मावशी आहेत, डिलिव्हरीची पोरं उन्हातनं येतात. त्यांना पिऊ दे.

आत्या (शहापूर): ह्याला माझा पाठिंबा. रोज धुऊन भरायची जबाबदारी मात्र आधी ठरवा. झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं पाहिजे, कुणी हात बुडवता कामा नये.

पिंटू: सकाळी मी भरतो.

अक्का (खानापूर): वहिनी, तुला इथनं साधा माठ घेऊन ठेवते. आमच्या खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थासुद्धा इथं आहे. आमच्या आळीतला कुंभार चाकावर फक्त तोंड आणि गळा काढतो, बूड जाडच ठेवतो. मग आतनं गोल दगड धरून बाहेरनं लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत पोट फुगवतो. हात इतका बेतानं पडतो की सगळीकडं जाडी सारखी येते. घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर तडा समजायचा.

वहिनी: आणल्यावर काय करायचं?

अक्का (खानापूर): रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. पहिले दोन-तीन दिवस भरलेलं पाणी झाडांना घाल. साबण अजिबात लावू नकोस, माती तो वास धरून बसते. नारळाच्या काथ्यानं नुसता घास. तुमच्याकडं बोअरचं पाणी असेल तर बाहेरून पांढरा क्षार धरेल, तोही घासून काढ, नाहीतर छिद्रं बुजतात. खाली वाळूचा थर घाल, वारा लागेल अशा जागी ठेव. आत वाळ्याची जुडी सोड.

वहिनी: दोन घ्या अक्का. अक्षय्य तृतीयेला सासूबाईंच्या नावानं एक भरून द्यायचा आहे.

अक्का (खानापूर): घेते. पिंटूला गाडी घेऊन पाठव, येताना जुनी गोणपाटं आण म्हणावं. रांजण त्यात गुंडाळूनच न्यायचा, आणि उचलायला चौघं तरी लागतील.