बालरोगतज्ज्ञांना एआय नको, की पालकांच्या हातातला एआय नको?

बालवैद्य
'तिरकस' यांनी काल ठोकून दिलं की बालरोगतज्ज्ञ एआयला नाकं मुरडतात ती फीवर गदा येईल म्हणून. एका ओळीत सोडून देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. छातीचा एक्स-रे वाचून टीबीचा संशय सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली, ती वय वर्षं १५ आणि पुढच्यांसाठी. मोठ्यांत फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते. तीन वर्षांच्या पोराला बहुधा फुप्फुसाच्या मुळाशी गाठी येतात, आणि समोरून काढलेल्या फिल्ममध्ये त्या हृदयाच्या सावलीत दडतात. तान्ह्या बाळाच्या छातीतली थायमस ग्रंथी शिडासारखी पसरलेली असते, ती न्यूमोनिया म्हणून वाचली जाऊ शकते. त्यात बाळ रडत जरा वळलं की फिल्म तिरकी. मोठ्यांच्या फिल्मवर शिकलेलं यंत्र इथं काय दिवे लावणार?

तिरकस
सोयीचं उदाहरण निवडलंत. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासायचा असतो. तालुक्याला रेटिनावाला (पडद्याचा डॉक्टर) आहे कुठे? नर्सनं फोटो काढावा, यंत्रानं रक्तवाहिन्यांचा वेडेवाकडेपणा मोजून धोक्यातली बाळं वेगळी काढावीत. वेळ टळली की पडदा सुटू शकतो. तिथंही 'शिडासारखी थायमस' सांगणार का?

बालवैद्य
तिथं विरोध केलाय कुणी? फोटो तज्ज्ञाकडे जातो, सही तज्ज्ञाची असते. आक्षेप आहे तो रात्री दोन वाजता चॅटबॉटकडून निदान घेण्याला. जामा पीडियाट्रिक्स या बालरोगांवरच्या नियतकालिकात जानेवारी २०२४ मध्ये आलं होतं: चॅटजीपीटीला (जीपीटी-४) मुलांच्या १०० केसेस दिल्या, ७२ निदानं साफ चुकीची, ११ जवळची पण फार मोघम.

तिरकस
मुद्दाम निवडलेल्या कूट केसेस होत्या त्या, साधा सर्दी-ताप नव्हे. आणि मॉडेलही आता जुनं झालं.

काउंटरवाला
आई रात्री चॅटबॉटला विचारते, कारण आमच्या औषध दुकानात येणाऱ्या चिठ्ठीवर नुसतं 'पॅरासिटामॉल ५ मिली' खरडलेलं असतं. कुठली बाटली? ५ मिलीत १२० मिग्रॅची, २५० ची, की १ मिलीत १०० मिग्रॅचे ड्रॉप्स? दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ म्हणजे १५० मिग्रॅ: पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिली, दुसरीतून ३, ड्रॉप्समधून दीड. १२० च्या सिरपचं माप ड्रॉप्सच्या बाटलीला लावलं की चौपट डोस. वर 'एक चमचा' लिहिणारे आहेतच. घरातला चमचा कुणी मोजलाय?

बालवैद्य
आणि '२५०' स्पष्ट लिहिलं असताना "तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" म्हणत १२० ची बाटली कोण सरकवतं?

काउंटरवाला
तुमचं अक्षर लागलं तर '२५०' दिसेल ना साहेब.

तिरकस
दोघंही माझीच बाजू मांडताय. वजन आणि बाटलीवरची मात्रा टाका, एआय मिली काढून देईल.

बालवैद्य
त्याला त्रैराशिक म्हणतात, एआय नव्हे. चॅटबॉटनं बाटली न विचारता अमेरिकेतलं १६० मिग्रॅ दर ५ मिलीचं सिरप धरलं तर उत्तर येतं साधारण पावणेपाच मिली. आपल्या २५० च्या बाटलीतून तेवढं दिलं की २३५ मिग्रॅ पोटात.

उपकेंद्र
बाटल्या बाजूला ठेवा जरा. खोकल्याच्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना मोजायचे. दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे जलद, न्यूमोनियाची शंका. रडताना पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेला आकडा यंत्राला दिला, तर उत्तरही तसंच येणार. छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, हे न विचारता कुठली आई टाइप करेल? उलट, हे प्रश्न क्रमानं विचारणारं ॲप आशाताईच्या हातात असेल तर मला हवंच आहे. दोन्ही बाजूंनी उगाच आव आणू नये.

तिरकस
बरं, औषधाचं मान्य. टेलिमेडिसिनच्या (फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या) २०२० च्या नियमांतही एआयनं रुग्णाला थेट सल्ला देणं, औषध लिहिणं बसत नाही. पण डिस्चार्ज समरी त्याच्याकडून लिहून घेताना तत्त्वं कुठं जातात, तेवढं सांगा.

बालवैद्य
समरी मी वाचून सही करतो. चुकली तर नोटीस मला येते, कंपनीला नाही.

काउंटरवाला
मग सही करताना बाटलीची मात्राही लिहा. आणि ड्रॉपर बऱ्याचदा १ मिलीचाच असतो. दीड मिली म्हणजे एकदा पूर्ण, एकदा निम्मा भरायचा, हेही लिहा. ते आम्हालाच सांगत बसावं लागतं.