जुन्या फोनवर वाचनालयाची यादी चालवायची आहे, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

दौलतगंजकर

मंडळी, मदत हवी आहे. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत एक छोटं मराठी वाचनालय आहे, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. नोंदी वहीत, आणि कुठलं पुस्तक कुणाकडे अडकलंय हे फक्त तिथल्या काकूंना ठाऊक. त्यांच्यासाठी मी पायथनमध्ये एक साधं पान केलंय: पुस्तक शोधा, नेल्याची नोंद करा, परत आल्याची करा. डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे सगळा एकाच फाइलमध्ये. एका वेळी दोन-चार माणसं आली तर डोक्यावरून पाणी. एवढ्यासाठी दरमहा सर्व्हरचं भाडं वर्गणीतून निघणार नाही.

घरात काच तडकलेला फोन पडून आहे. अँड्रॉइड १३, ४ जीबी रॅम. रूट (सिस्टीमचे पूर्ण अधिकार उघडणं) केलेला नाही, करायचाही नाही. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानातून टर्मक्स (फोनवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप) टाकलं, ८०८० पोर्टवर पान उठलं, लॅपटॉपवरून ८०२२ वर एसएसएचने फोनमध्ये शिरताही येतं. घरच्या वायफायवर सगळं झकास.

पण रात्रीतून कधीतरी टर्मक्स मरतं. सकाळी पडद्यावर ‘सिग्नल ९’ असा निरोप असतो. बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद केलंय, वेक लॉक घेतलाय, तरी तेच.

दुसरं म्हणजे वाचनालयात इंटरनेट नाही, काकू मोबाइल डेटावरून उघडणार. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून आलेली मागणी फोनकडे वळवली) तरी बाहेरून काही लागत नाही.

आणि खरी धास्ती बॅटरीची. मे-जूनमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, माझी खोली गच्चीखालची. चोवीस तास चार्जरला लावलेला फोन तिथे ठेवायचा म्हणजे पोटात गोळा येतो.

रास्पबेरी पाय (छोटा संगणक) घ्या असं कृपया सांगू नका. या घरी वीज दिवसातून कधीही जाते आणि फोनला स्वतःची बॅटरी आहे, हाच तर त्याचा मोठा गुण.

जुना सोल्डर

सिग्नल ९ चं कारण बहुतेक हे: अँड्रॉइड १२ पासून ॲपांनी सुरू केलेल्या उपप्रक्रिया मोजल्या जातात आणि सगळ्या मिळून ३२ च्या वर गेल्या की सिस्टीम त्या मारते. प्रोसेसर फार खाणाऱ्यालाही सोडत नाही. वेक लॉकचा याच्याशी संबंध नाही, तो फक्त फोनला झोपू देत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा, लॅपटॉपवरून एडीबी (फोनला आज्ञा देणारं साधन) शेलमध्ये ग्लोबल सेटिंग्जमधलं ‘सेटिंग्ज एनेबल मॉनिटर फँटम प्रॉक्स’ हे फॉल्स करा. मधल्या जागांना अंडरस्कोर. १३ वर रूटशिवाय होतं. अँड्रॉइड १४ मध्ये तर डेव्हलपर ऑप्शन्सलाच त्याचं बटण आहे.

टर्मक्स बूट हे जोड-ॲपही एफ-ड्रॉइडवरूनच घ्या आणि एकदा उघडून ठेवा, म्हणजे फोन रीस्टार्ट झाला तरी पान आपोआप उठेल. डेटाबेस टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरात असू द्या. मात्र टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की तो फोल्डरही जातो, म्हणून नक्कल बाहेर हवीच.

बिनतारी

पोर्ट फॉरवर्डचं सांगतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत येतच नाही.

टेलस्केल (उपकरणांना आपसांत खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) सोपं आहे, पण ते प्रत्येकाच्या फोनवर टाकावं लागतं. सभासद सत्तरीचे असतील तर विसरा. क्लाउडफ्लेअर टनेल बघा, बाहेरची मागणी त्यांच्या सर्व्हरमार्गे तुमच्या फोनपर्यंत आणणारी सोय. त्याचा क्लाउडफ्लेअर्ड हा प्रोग्राम टर्मक्सच्या पॅकेजांत मिळतो. जोडणी फोनच बाहेर करतो, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. चाचणीपुरता फुकट पत्ता मिळतो, पण दर वेळी बदलतो. कायमचा पत्ता हवा तर स्वतःचं डोमेन लागेल, वर्षाचा तेवढा खर्च धरा. एक लक्षात घ्या, ही वाहतूक त्यांच्या सर्व्हरवर उलगडून पुढे येते, म्हणजे तिथे ती वाचता येऊ शकते. सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते त्या डेटाबेसमध्ये ठेवूच नका, सभासद क्रमांक पुरे. नोंद करायच्या पानाला पासवर्ड लावा, शोध उघडा ठेवा.

जुना सोल्डर

बॅटरीचं राहिलं. लिथियम-आयनला दोन गोष्टी एकदम सोसत नाहीत, शंभर टक्के चार्ज आणि उष्णता. चार्ज ८० वर थांबवणारी ॲपं बहुतेक रूट मागतात, तुम्हाला नको आहे. तुमच्या फोनच्या बॅटरी सेटिंग्जमध्ये तशी सोय असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर टायमरचा सॉकेट घ्या, पहाटे आणि रात्री थोडा वेळ चार्जिंग, म्हणजे दुपारी तापलेल्या फोनला चार्जर लागणार नाही. ४५ अंशांवर या बॅटऱ्या चार्ज करूच नयेत. कव्हर काढा. गच्चीखालची खोली मात्र रद्द करा, खालच्या मजल्यावर राउटरशेजारी उभा ठेवा, गादी-कागद जवळ नको. मागचं झाकण किंचित जरी उचललेलं दिसलं तर बंद करून ई-कचऱ्यात द्या, टोचायला जाऊ नका.

आणि वीज गेल्यावर फोन जिवंत राहील, पण राउटर? त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लागेल. नाहीतर तुमच्या मोठ्या गुणाचा उपयोग शून्य.

दौलतगंजकर

राउटर १२ व्होल्टचाच आहे, त्याचा यूपीएस मागवतो. वॅन आयपी १००.७० ने सुरू होतो, म्हणजे बिनतारींचं निदान बरोबर. एडीबीची आज्ञा दिली आहे, रात्री कळेल.

बॅकअपचं विचारतो. ओटीजीने पेन ड्राइव्ह लावून तिथे नक्कल काढावी का?

बिनतारी

नको. बहुतेक फोनांत ओटीजी आणि चार्जिंग एकदम चालत नाही, आणि रूटशिवाय टर्मक्सला पेन ड्राइव्हवर लिहिणं कटकटीचं. टर्मक्समध्ये क्रोनी (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम) टाकून रोज रात्री एसक्यूलाइटच्या बॅकअप आज्ञेनेच नक्कल काढा. चालू फाइल नुसती कॉपी केली आणि तेवढ्यात काकूंनी नोंद केली तर नक्कल अर्धवट निघू शकते. मग लॅपटॉप जेव्हा केव्हा उघडाल तेव्हा त्यानेच आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या आज्ञेने ८०२२ वरून ती ओढून घ्यावी. आणि सुरुवातीचे काही महिने काकूंना वही बंद करायला सांगू नका.